एक्झॉस्टच्या त्रिकोणाबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. मरोळ एमआयडीसीतल्या आम्हा मेंटेनन्सवाल्यांचं हे पत्र. न्यूमॅटिक (दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणेच्या) ड्रॉइंगवर एक्झॉस्टच्या, म्हणजे वापरलेली हवा जिथून बाहेर सुटते त्या तोंडाच्या, चिन्हांपाशी तुम्ही पेन्सिलीने ज्या खुणा करून दिल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडं ठेवलंय, कारण अंधेरी-भांडुपच्या गाळ्यांमधल्या इतर फिटरांनाही त्या कामी येतील.

चिन्हातला त्रिकोण पोकळ म्हणजे हवा आणि भरीव म्हणजे तेल, एवढं आयटीआयमध्ये कळतं. तुम्ही बोट ठेवलंत ते त्रिकोणाच्या आधीच्या रेघेवर. त्रिकोण व्हॉल्व्हच्या चौकोनाला थेट चिकटलेला असेल तर त्या तोंडाला आटे नाहीत, तिथे काहीच बसणार नाही. मध्ये छोटी रेघ असेल तर आटे आहेत. मग सायलेन्सर (सुटणाऱ्या हवेचा आवाज दाबणारा भाग) लावा, नाहीतर नळी जोडून हवा बाहेर सोडा. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात माणूस पाठवण्याआधी एवढं बघितलं तरी फेरी वाचते.

५/२ व्हॉल्व्हचे (पाच तोंडं, दोन स्थिती) आकडेही तुमच्यामुळे पक्के झाले. १ पुरवठा, २ आणि ४ सिलिंडरकडे, ३ आणि ५ एक्झॉस्ट. जुन्या ड्रॉइंगवर पुरवठ्याला पी, सिलिंडरकडच्या तोंडांना ए-बी, एक्झॉस्टना आर-एस. १४ आणि १२ म्हणजे व्हॉल्व्ह सरकवणाऱ्या सिग्नलच्या दोन बाजू. १४ ला सिग्नल मिळाला की १ ची हवा ४ कडे जाते आणि २ ची परतलेली हवा ३ मधून सुटते. १२ ला १ ची हवा २ कडे, ४ ची ५ मधून. त्यामुळे ४ ची नळी सिलिंडरच्या मागच्या टोकाला असेल, तर रॉड बाहेर येण्याचा वेग ३ वरच्या फ्लो कंट्रोलने (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूने) आवरायचा. ५ वरचा स्क्रू कितीही पिळला तरी तो फक्त परतीवर चालतो.

सगळ्यात मोलाची खूण गळतीची. १४ लागलेला आहे, रॉड पूर्ण बाहेर आहे, तरी ३ मधून सतत फुसफुस येते. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलायची घाई होते. हवा बंद करून, दाब उतरवून पोर्ट २ ची नळी काढायची, हात लांब ठेवून हवा पुन्हा सोडायची. नळीतून हवा आली तर सिलिंडरच्या पिस्टनचं सील गेलंय. व्हॉल्व्हच्या तोंडातून आली तर स्पूलचं (व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याचं). पाच मिनिटांचं काम, आणि चांगला व्हॉल्व्ह भंगारात जात नाही.

सिलिंडर हळूहळू मंदावत गेला तर आधी सायलेन्सर बघायचा. ल्युब्रिकेटरचं जास्तीचं तेल, पाणी आणि धूळ मिळून त्याची छिद्रं बुजवतात; पावसाळ्यात दमट हवेमुळे एफआरएलमधलं (हवा गाळणाऱ्या, दाब नेमणाऱ्या आणि तेल देणाऱ्या संचामधलं) पाणी रोज काढलं नाही तर हे लवकर होतं. त्या एक्झॉस्टचा सायलेन्सर बदलून बघितला आणि वेग परत आला, तर दोष तिथेच.

८२ आणि ८४ ही पायलटची, म्हणजे स्पूल सरकवणाऱ्या हवेची, एक्झॉस्ट तोंडं. आवाज येतो म्हणून त्यांत प्लग ठोकणारे महाभाग आहेत. पायलटची हवा अडकते, मग कॉइल ठीक असूनही स्पूल सरकत नाही किंवा परत येत नाही. मॅनिफोल्डवर (अनेक व्हॉल्व्ह बसवलेल्या एकाच पट्टीवर) सगळ्यांचा एक्झॉस्ट एकाच रेघेत जात असेल तर तिथला सायलेन्सर मोठा हवा, नाहीतर एका मोठ्या सिलिंडरची हवा सुटताना शेजारचा छोटा सिंगल ॲक्टिंग (एकाच बाजूने हवा घेणारा) सिलिंडर दचकतो. ही शेवटची खूण तुम्ही लाल पेन्सिलीने केली होती. लॅमिनेट केलेल्या प्रतीतही ती लालच ठेवली आहे.

आपले नम्र,
मेंटेनन्समधली मंडळी
मरोळ, अंधेरी (पूर्व), मुंबई