टायपिंग शिकवता, मग बसायलाही शिकवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शेतीचा उतारा, प्रतिज्ञापत्र, सगळं आजच हवं असतं. सरकारी अर्ज कन्नडमधून, लग्नपत्रिका मराठीतून, बायोडाटा इंग्रजीतून. टाइप करणारे हात मात्र तेच. मीही याच कामात आहे, आणि बरोबरीच्या मुलींची मनगटं एकामागून एक दुखताना पाहते आहे म्हणून हे पत्र.

आपल्या लिप्यांमध्ये शिफ्टची बटणं फार दाबावी लागतात, हे इंग्रजी टाइप करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. इन्स्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठीच्या की-बोर्डच्या मांडणीवर) 'ब' साधा, पण 'भ'ला शिफ्ट. 'द' साधा, 'ध'ला शिफ्ट. ळ, ण, श यांनाही शिफ्टच. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतानाही ख, घ, भ अशा महाप्राण अक्षरांना तेच. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे असल्याने इन्स्क्रिप्टवर डावी करंगळी दिवसभर ताणलेली राहते आणि मनगट बाहेर वळतं. विंडोजमध्ये शिफ्ट सलग पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज' हवी का असं विचारतात आणि आपण घाईने नको म्हणतो. ती सुरू केली तर शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही, एकदा दाबून सोडली की पुरते.

खरं दुखणं टेबलाचं आहे. लिहिण्याचं टेबल साधारण 30 इंच उंच असतं आणि दुकानदार त्यावरच की-बोर्ड ठेवतो. पाच फूट उंचीच्या मुलीचा कोपर बसल्यावर जमिनीपासून 24 इंचांच्या आसपास येतो. मग खांदे उचलून, मनगटं वाकवून टाइप करावं लागतं. की-बोर्ड कोपराच्या पातळीला हवा, मनगट सरळ हवं. त्यासाठी महागडी खुर्ची लागत नाही. सुताराकडून टेबलाखाली सरकता ट्रे बसवून घ्यावा. ते जमत नसेल तर खुर्ची उंच करून पायाखाली पाट घ्यावा. की-बोर्डचे मागचे पाय मिटवून टाकावेत, त्यांनी मनगट आणखी वाकतं. माउस की-बोर्डला लागूनच असावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. आणि मूळ कागद टेबलावर आडवा ठेवू नये, पॅडला लावून पडद्याशेजारी उभा करावा. निम्मी मानदुखी त्या आडव्या कागदाची असते.

मनगटात एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि एक नस (मज्जातंतू) जाते. तिथे सूज आली की नस दाबली जाते. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो. हातदुखीचं कारण दर वेळी टायपिंगच असतं असं नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही असा त्रास होतो. म्हणून बाम चोळत महिने काढू नयेत, डॉक्टरांना दाखवावं. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू एकदा वाळला की तो पूर्वीसारखा होईलच असं नाही.

युरोपात 1990च्या निर्देशानुसार पडद्यासमोर काम करणाऱ्यांची बैठक तपासणं आणि कामात अधूनमधून खंड देणं ही मालकाची जबाबदारी आहे. आपल्याकडे पाच मिनिटं उठलं तरी गिऱ्हाईक घड्याळ दाखवतं. माझी विनंती टायपिंग आणि कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्यांना आहे. तुम्ही वेग शिकवता, चुका मोजता. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याच्या कोपराची उंचीही मोजा आणि त्याप्रमाणे बसवा. एकाच उंचीच्या बाकावर सगळा वर्ग बसवला की तीच सवय मुलं दुकानात घेऊन येतात. दुकानमालकांनीही हा हंगाम संपायची वाट न पाहता या आठवड्यातच सुताराला बोलवावं.

आपली,
एक डीटीपी ऑपरेटर,
शहापूर, बेळगाव