मणगण्याचा तपास

वाळपई, सत्तरी

प्रिय विनू,

तुझं पत्र पोचलं. ‘अन्नातून विषबाधा झाली की अन्नाचा नमुना प्रयोगशाळेत धाडला की तपास संपला ना?’ असं विचारलंयस. अरे, आम्ही आरोग्य केंद्रातून पोचेपर्यंत टोप घासून पालथे घातलेले असतात!

परवाचंच घे. पूजेचं जेवण, दुपारी एकची पंगत. चारच्या सुमारास उलट्या सुरू, ताप कुणालाच नाही. एवढ्यावरून अर्धा अंदाज येतो. तीन तासांत उलटी म्हणजे विष अन्नात आधीच तयार झालेलं होतं, बहुधा स्टॅफिलोकोकसचं, म्हणजे चिघळलेल्या जखमेत असतो त्या जंतूचं. साल्मोनेला हा दुसरा जंतू असता तर माणसं बहुधा दुसऱ्या दिवशी आली असती, ताप-जुलाब घेऊन.

मग घरोघर फिरलो. धडधाकट माणसांनाही पानात काय काय घेतलं ते विचारतो, याचा लोकांना भारी राग. ‘मला काही झालं नाही, माझं नाव कशाला?’ पण समज, मणगणं (आपली चण्याच्या डाळीची खीर) खाल्लेल्या 40 पैकी 30 आजारी आणि न खाल्लेल्या 20 पैकी एकच, तर संशय मणगण्यावर जातो. हे न खाणाऱ्यांना विचारल्याशिवाय कळणार कसं? मिश्र भाज्यांचं खतखतं सगळ्यांनीच खाल्लेलं, त्यामुळे त्याच्याबद्दल काहीच ठरवता येईना. त्यात प्रसादाच्या जेवणाला दोष कोण देणार? ‘ऊन लागलं असेल’ म्हणत म्हाताऱ्या विषय बदलतात.

मणगणं सकाळीच करून झाकून ठेवलेलं. आचाऱ्याच्या बोटाला चिघळलेली जखम. ‘वाढण्याआधी परत उकळलं होतं,’ म्हणाला. उकळलंही असेल. त्यात जंतू मरतात, विष मात्र टिकतं. एका शेजारणीने डब्यातून घरी नेलेलं थोडं सापडलं, ते बर्फात घालून तपासणीला पाठवलंय.

बांगड्याची गंमत वेगळीच. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन नावाचं रसायन तयार होतं, शिजवूनही जात नाही. जेवता जेवताच तोंड लाल, डोकं ठणकतं. लोक अ‍ॅलर्जी समजून बांगडाच सोडतात. गोंयकाराला याहून मोठी शिक्षा कुठली?

2015 साली इथे सत्तरीत माकडताप आला, तेव्हाही चौकशीची रीत हीच. फक्त ‘काय खाल्लं’ऐवजी ‘काजू वेचायला कुठे गेला होतात, मेलेली माकडं दिसली का’. तो गोचिडीमुळे होतो ना.

अहवाल अजून यायचाय. आचारी रोज फोन करतो, त्याची पुढची दोन जेवणं हातची गेली. बोट बरं होईपर्यंत स्वयंपाकाला हात लावू नकोस, एवढं त्याला बजावलंय.

बाकी भेटीत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता