बाबा, नोकरी सोडली आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबा मध्येच बोलायला लागले की माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. मी कंपनीचा राजीनामा दिला. कुणी काढलेलं नाही, भांडण नाही, तब्येत ठणठणीत आहे. ग्रीन कार्ड हातात आहे, तेव्हा नोकरी गेली म्हणून देश सोडावा लागणार नाही. विमा निखिलच्या नोकरीतून आहे. तुम्हाला दरमहा येतात ते पैसे तसेच येत राहतील. आणि आई, त्यातला एक रुपयाही माझ्यासाठी बाजूला टाकू नकोस.

मी कोर्ट रिपोर्टरचं, म्हणजे कोर्टात बोललं जाणारं सगळं यंत्रावर उतरवून घेणाऱ्याचं, शिक्षण घेते आहे.

बाबा, तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. मुलीने कोर्टात पाऊल ठेवू नये म्हणून तुम्ही काय काय केलंत ते मला माहीत आहे. लोणंदच्या त्या प्रकरणानंतर तुम्ही घरी येऊन जे म्हणालात, तेही लक्षात आहे. इंजिनिअरिंगची फी वाया गेली असं मात्र समजू नका. त्याच पगारातून शिल्लक टाकली, म्हणून आज हे करता येतंय.

इथलं काम जरा निराळं आहे. आपल्याकडे साक्षीदार बोलायचा, जज्जसाहेब ते स्वतःच्या शब्दांत सांगायचे आणि तुम्ही उतरवून घ्यायचात. इथे वकील, साक्षीदार, जज्ज, ज्याच्या तोंडून जे निघेल ते जसंच्या तसं घ्यायचं. साक्षीदाराने नुसती मान डोलावली तर त्याला ‘तोंडाने सांगा’ म्हणतात. दोघं एकदम बोलायला लागले तर रिपोर्टर त्यांना थांबवू शकतो, अगदी जज्जनासुद्धा. अपिलात वरच्या कोर्टापुढे साक्षीदार उभा नसतो, हा कागद असतो. कॅलिफोर्नियात रिपोर्टर कमी पडतात. दिवाणी दाव्यात पुष्कळदा पक्षकारालाच पैसे मोजून रिपोर्टर आणावा लागतो, आणि ज्याला ते परवडत नाही त्याच्या सुनावणीचा शब्द न् शब्द हवेत विरतो. हे कळलं तेव्हापासून माझं मन त्या कंपनीत रमेना.

यंत्राला 22 कळा असतात. डाव्या बोटांनी सुरुवातीचं व्यंजन, अंगठ्यांनी स्वर, उजव्या बोटांनी शेवट, आणि सगळं एकाच वेळी दाबायचं, पेटीवर सूर धरतात तसं. सुरुवातीच्या ‘न’ला वेगळी कळच नाही, टी, पी आणि एच एकत्र दाबायचे. स्पेलिंग विसरायचं, कानाला ऐकू येईल तेच लिहायचं. म्हणजे तुमचं पिटमन शॉर्टहँडच की! परवान्यासाठी मिनिटाला 200 शब्द, चार जण बोलत असताना, 97.5 टक्के अचूक लागतात. बरेच जण मध्येच सोडतात. मी सोडणार नाही.

स्पीड जाऊ नये म्हणून तुम्ही रेडिओवरच्या बातम्या लागल्या की पेन्सिल घेऊन बसायचात. मी मांडीवर डोकं ठेवून जाड रेघ, बारीक रेघ बघत झोपी जायचे, आणि मग आईने उचलून नेलं की रडायचे. बाबा, त्या कामाची मला कधीच लाज वाटली नाही. तुम्हाला वाटायची का, हे मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

जेवणाची काळजी नको. दुपारी घरीच असते, भाकरी शिकले आहे, बऱ्यापैकी गोल येते.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. आईच्या गुडघ्याला डॉक्टरांनी पट्टा दिलाय तो कपाटात ठेवायला नाही. पावसात स्कूटर काढायची नाही, रिक्षा करा. दोघांनी डोळे तपासून घ्या आणि चिठ्ठीचा फोटो मला पाठवा. राग आला असेल तर रविवारी भरपूर रागवा, पण फोन उचला.

तुमच्या शॉर्टहँडच्या वह्या मला हव्या आहेत. त्या माळ्यावर आहेत. दादा आला की त्याला काढायला सांगा. तुम्ही शिडीवर चढायचं नाही.

तुमची,
मुक्ता