पाठ फिरवून बसलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. "गरजेपेक्षा एक अक्षरही जास्त कुणाला सांगू नका," असं तुम्हीच बाबांना बजावलंत. तेव्हा तुमचंच नाव चारचौघांत घेणं बरं दिसणार नाही.

बाबांचं ईमेल खातं हॅक झालं तेव्हा मदतीला माणसं कमी नव्हती, उलट जास्तच होती. पहिल्याने फोनवरच "काका, पासवर्ड सांगा, लगेच बघतो" म्हटलं. दुसऱ्याने खातं परत मिळवलं खरं, पण नवा पासवर्ड स्वतःच ठरवला, स्वतःच्या फोनमध्ये टिपून घेतला आणि वर म्हणाला, "विसरलात तर मला विचारा." काही दिवसांत खातं पुन्हा गेलं. तिसऱ्याने केलं काहीच नाही, फक्त "एवढा सोपा पासवर्ड कुणी ठेवतं का?" हे ऐकवून गेला. कंपनीकडून तेच ते ठरलेलं उत्तर येत राहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब सांभाळलेला माझा बाप स्वतःच्या पत्रांबद्दल परवानगी मागितल्यासारखा बोलायला लागला. त्याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही.

तुम्ही खातं कसं सोडवलंत ते सगळं लिहीत बसत नाही. चोराने रिकव्हरीसाठी, म्हणजे खातं परत मिळवायला, घातलेला स्वतःचा नंबर आणि बाबांची पत्रं आपल्याकडे वळवायला गुपचूप लावलेलं फॉरवर्डिंग, दोन्ही तुम्हीच शोधलंत. आधीच्यांनी तिथे पाहिलंही नव्हतं.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली, बाबा सवयीने अक्षरं मोठ्याने म्हणायला लागले आणि तुम्ही हात वर केलात. "काका, हा मला कळता कामा नये." खुर्ची फिरवलीत आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. बाबा एका बोटाने टाइप करतात. सहा शब्द, तेही दोनदा. तेवढ्या वेळात तुम्ही ना घाई केलीत, ना एकदा "झालं का?" विचारलंत. ते खातं बाबांचं आहे, असं त्या सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच कुणीतरी वागलं.

त्या सहा शब्दांवरूनही वाद झालाच. बाबांना पाठ असलेल्या कवितेची ओळ हवी होती. तुम्ही म्हणालात, जे छापून आलंय ते चोरांच्या यादीतही असू शकतं. मग फासा काढलात. पाच वेळा टाकला की ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द ठरतो. निवड फाशाची असल्यामुळे बाबांना जन्मभर ओळखणाऱ्यालाही तो ओळखता येत नाही. "पण यात आकडा नाही, चिन्ह नाही, आणि दर तीन महिन्यांनी बदलायचा ना?" बाबांनी विचारलं. तेव्हा तुमच्याकडून कळलं की अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ही सक्ती २०१७ मध्येच नको म्हटली, आणि २००३ साली तिथे तो सल्ला लिहिणाऱ्या बिल बर यांनीही त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. बाबांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता.

"कंपनीला तरी पासवर्ड माहीत असतोच ना?" हा प्रश्न माझा. नीट काम करणारी कंपनी पासवर्ड ठेवतच नाही, त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेली खूण, ठेवते, आणि हॅशवरून पासवर्ड थेट काढता येत नाही, असं तुम्ही सांगितलंत. म्हणून विसरल्यावर नवा ठेवायला सांगतात. जुना आहे तसा मेलवर पाठवणारी वेबसाइट भेटली तर तिथून काढता पाय घ्यायचा. २००९ मध्ये रॉकयू कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले, ते तिने जसेच्या तसे साठवले होते. सगळे पासवर्ड सांभाळणाऱ्या चांगल्या ॲपमध्ये, पासवर्ड मॅनेजरमध्ये, तर एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणं, आपल्याच फोनवर होतं आणि बनवणाऱ्यालाही आतलं वाचता येत नाही.

एवढं गणित ज्यासाठी मांडावं लागतं, ते तुम्ही खुर्ची फिरवून केलंत. अशी माणसं असतात. रांगेत पुढचा पिन दाबत असताना नजर वळवणारी. फोनवरचा एक फोटो दाखवायला दिला तर तेवढाच बघून फोन परत देणारी. आपण त्यांची दखल घेत नाही, कारण त्यांच्यामुळे काही बिघडतच नाही. बिघडवणाऱ्यांची नावं मात्र आपल्याला पाठ असतात.

तुम्ही विचारलं होतंत म्हणून कळवते: खातं अडकलं तर उघडायला लागणारे रिकव्हरी कोड बाबांनी कागदावर उतरवून घेतलेत. कागद कुठे आहे ते आईला माहीत आहे. मी विचारलं, तर मला सांगायला बाबांनी साफ नकार दिला.

तुमची आभारी,
काकांची मुलगी