गोलरक्षकाचे घसरणे मागच्या पायावर ठरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत आइस हॉकीच्या नवशिक्या गोलरक्षकांसाठी प्रसिद्ध झालेला लेख एकंदरीत उपयुक्त असला, तरी त्यातील बर्फावर घसरण्याच्या तंत्राविषयीचा भाग अपुरा आणि एका ठिकाणी दिशाभूल करणारा वाटला, म्हणून हे पत्र. दोन्ही गुडघे टेकवावेत आणि मग जोर लावून बाजूला सरकावे, असा सल्ला त्यात दिला आहे. नवशिका नेमका याच क्रमात अडकतो. दोन्ही गुडघे टेकले की पायांवर बांधलेले दोन्ही रुंद पॅड आडवे होतात, स्केटचे पाते बर्फाला जेमतेम घासत राहते आणि रेटा देण्यासाठी रोवायला काही उरतच नाही. मग तो खांदे झुगारून अंग पुढे फेकतो, वीतभर सरकतो आणि आपल्या पायांत ताकद कमी आहे असे समजून व्यायामशाळेची वाट धरतो.

वस्तुतः रेटा देऊन होईपर्यंत मागचा, म्हणजे जायच्या दिशेच्या विरुद्ध बाजूचा, गुडघा वरच राहायला हवा. पास गोलरक्षकाच्या उजवीकडे गेला आहे असे धरू. प्रथम नजर आणि मान पककडे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीकडे, वळते, त्यामागोमाग खांदे व कंबर वळतात. मग डाव्या स्केटची आतली कड, जायच्या दिशेशी पाते काटकोनात येईल अशी, बर्फात रोवली जाते आणि डावा पाय सरळ होत असतानाच उजवा गुडघा खाली उतरतो. रेटा पूर्ण झाला की डावा पॅड लगेच ओढून उजव्याजवळ आणायचा, कारण तो मागे रेंगाळला तर दोन गुडघ्यांमधली फट उघडी राहते आणि पक तिथूनच आत जातो. या साऱ्याला एका सेकंदाहून कमी वेळ लागतो. म्हणूनच सरावात ते मुद्दाम संथपणे, टप्प्याटप्प्याने करावे लागते. अनेक प्रशिक्षक सुरुवातीपासून वेगाचा आग्रह धरतात, तो मला पटत नाही. वेगात केलेली चूक दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती अंगवळणी पडते.

नजर आधी वळवण्याचा मुद्दा लेखात एका वाक्यात आटोपला आहे. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मान न वळवता सरकणारा गोलरक्षक गोलरेषेला समांतर जातो आणि पोहोचल्यावर त्याची छाती पककडे नसते. शिवाय मागचा हात तोल सावरायला उडतो, काखेखाली जागा मोकळी होते आणि स्टिक बर्फावरून उचलली जाते. दोन्ही हात शरीरापुढे आणि स्टिकचे पाते बर्फावर टेकलेले ठेवून सरकता येत नसेल, तर रेटा कमी करावा.

थांबण्याविषयी लेखात एक शब्दही नाही, हे आश्चर्यच. गोलाची रुंदी ६ फूट असते, म्हणजे मध्यापासून प्रत्येक खांब ३ फुटांवर. त्यात पसरलेले पॅड खालची बरीचशी जागा आधीच झाकतात. गोलाजवळ लागणारे घसरणे त्यामुळे फार लांब नसतेच. नवशिक्याची सुरुवातीची अडचण पोहोचण्याची असते, पण रेटा जमू लागला की तो खांबापलीकडे निघून जातो आणि मागे अर्धा गोल मोकळा पडतो. उजवीकडे घसरताना उजवा गुडघा उचलून त्या स्केटची आतली कड रोवली की वेग मोडतो आणि त्याच पायाने डावीकडे परतण्याचा रेटाही मिळतो. उलट पक आणखी उजवीकडे गेला असेल, तर डावा पाय उचलायचा. कोणता पाय उचलायचा हे ठरवताना गोंधळणारा खेळाडू कितीही दमदार असला तरी दुसऱ्या फटक्याला उशिराच पोहोचतो.

साहित्याचाही वाटा यात मोठा आहे. पात्याला धार लावताना मधोमध पन्हळ काढतात आणि तिच्या दोन बाजूंना कडा तयार होतात. पन्हळ खोल असेल तर कड बर्फात जास्त रुतते. गोलरक्षकाचे स्केट बोथट असलेले बरे, हा समज उभ्यानेच खेळण्याच्या जुन्या पद्धतीतून आला आहे. ग्लेन हॉल आणि टोनी एस्पोझिटो या गोलरक्षकांनी रुळवलेली गुडघे टेकण्याची बटरफ्लाय पद्धत गोलरक्षक पॅट्रिक रॉय यांच्या १९८६च्या स्टॅनली कप (उत्तर अमेरिकी आइस हॉकी लीगचा करंडक) विजयानंतर सर्वदूर पसरली, पण तो समज मात्र अजून ऐकू येतो. बोथट पात्याने रेटा देताना पाय नुसता निसटतो. तसेच पोटरीवरचे पट्टे करकचून आवळले, तर गुडघा टेकताना पॅड पायाभोवती फिरत नाही, त्याची कड बर्फात खुपसते आणि घसरणे मध्येच अडते. पट्टे थोडे सैल केल्यावर फरक लगेच जाणवतो. बर्फाची अवस्थाही पाहावी: यंत्र फिरवल्यानंतरचा गुळगुळीत बर्फ आणि सत्राच्या अखेरीस खरवडलेल्या बर्फाचा भुसा साचलेला पृष्ठभाग यांवर एकच रेटा सारखा पोहोचवत नाही.

पालकांसाठी एक सूचना. गुडघे आत आणि पावले बाहेर ठेवण्यासाठी मांडीचे हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरावे लागते, आणि ती मर्यादा प्रत्येकाची निराळी असते. पॅड दूरवर पसरावेत म्हणून मुलांचे पाय दाबून ताणणे चूक आहे. जांघेत खोलवर दुखू लागले तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी एक विनंती. त्या लेखासोबतच्या छायाचित्रात गोलरक्षक सरकून झालेला, दोन्ही पॅड बर्फावर टेकलेले असे दिसते. शिकणाऱ्याला त्याआधीचा क्षण पाहायला हवा. पुढील लेखात मागचे स्केट रोवलेले आणि गुडघा अजून वर असलेले चित्र छापता आले, तर ते अवश्य छापावे.

आपला नम्र,
एक हौशी गोलरक्षक