‘ग्रॅव्हिटी’ला कथा आहे!

‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) हा अवकाशात घडणारा चित्रपट म्हणजे नुसता डोळे दिपवणारा देखावा, कथेच्या नावाने शून्य, असे म्हणणारे बरेच भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. मुलगी गमावलेली एक अंतराळवीर स्त्री पुन्हा जगायचे ठरवते, याहून मोठी कथा कोणती? शास्त्रीय आक्षेप मात्र रास्त आहेत. हबल दुर्बीण आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक यांच्या कक्षांची उंची आणि कल वेगळे. चित्रपटात दाखवलेय तसे एकीकडून दुसरीकडे तरंगत जाता येत नाही. पण पोकळीत आवाज पोहोचत नाही, हे भान दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांनी राखले. स्थानकाच्या ठिकऱ्या उडतात तेव्हा स्फोटाचा धमाका नाही. संगीत आणि नायिकेचा श्वास, बस्स. मोबाइलवर पाहून नावे ठेवणाऱ्यांनी तो थिएटरात, थ्रीडी चष्मा लावून पाहायला हवा होता.

— एक वाचक, नाशिक