सायकलिंगला वस्ताद द्या : क्रीडामंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

पहाटे पाचला आम्ही पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागतो. मी आणि कॉलेजची सात पोरं-पोरी. केर्लीपर्यंत जोडीनं, वाघबीळचा चढ लागला की एकामागं एक. पुढच्याच्या चाकामागं वीतभर अंतर ठेवून राहिलं तर वारा कापायचे कष्ट खूप वाचतात. हे अंतर पुस्तकातून शिकवता येत नाही. शेजारून सायकल चालवत, ओरडून सांगावं लागतं.

मी स्वतः विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलो. पदवी झाली आणि खेळ संपला. पुढं एका शाळेत सायकलिंग शिकवायला गेलो, तर 'कोचिंगचा डिप्लोमा आहे का?' म्हणून परत पाठवलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण तो डिप्लोमा मिळतो पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत. तिथं जाऊन वर्ष काढायचं तर घर कुणी चालवायचं?

आमच्याकडं ट्रॅकची सायकल एकच आहे. बिनब्रेकची, फिक्स गिअरची, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायही फिरवत राहायचे. तिच्या सीटच्या दांड्यावर नेलपॉलिशनं तीन खुणा केल्यात, तिघांच्या उंचीच्या. एक उतरला की पाना घेऊन सीट वर-खाली करायची आणि दुसऱ्यानं बसायचं. वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीचा तिरक्या वळणांचा गोल ट्रॅक, बघायचा तर पुण्याला, बालेवाडीला. त्या तिघांतल्या मुलीचे वडील परवा म्हणाले, "सर, कॉलेज हाय तोवर चालवू दे. पुढं काय हाय त्यात?" मला उत्तर देता आलं नाही.

साहेब, या मातीत गुण नाही असं कोण म्हणेल? खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, ही गोष्ट इथं घरोघर सांगतात. २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून नेमबाजीतलं कांस्य आणलं. आमच्या खेळात इंगळीच्या पूजा दानोळेनं खेलो इंडियात सुवर्ण जिंकलं. पण कुस्तीत मल्लाचं वय झालं की तो तालमीत वस्ताद होतो, त्याची विद्या मातीतच राहते. सायकलपटूची विद्या त्याच्याबरोबर घरी जाते. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, त्याचा मोठा आधार आहे. तरी त्या वाटेनं गेलेला पोरगा बहुतेक वेळा टेबलावर बसतो, रस्त्यावर परत येत नाही.

२०२६ च्या जानेवारीत पुण्यात ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली. परदेशी संघांचे व्यावसायिक सायकलपटू आपल्या घाटांतून गेले. त्यांच्यामागं मेकॅनिक, मालीशवाला, गाडीतून सूचना देणारा प्रशिक्षक अशी फौज असते. शर्यत आपण भरवली, आता ही माणसंही आपल्याकडं घडवावीत.

मागणी एकच आहे. दरवर्षी विद्यापीठ पातळीवर खेळलेले काही सायकलपटू निवडा, शासनाच्या खर्चानं पतियाळाच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमाला पाठवा आणि परतल्यावर पाच वर्षं आपापल्या जिल्ह्यात मानधनावर नेमा. निवडीत मुली असाव्यात. प्रशिक्षक बाई असली तर आई-बाप पोरीला पहाटे निर्धास्त सोडतात. कोल्हापूरपासून सुरुवात करा. त्यासाठी नवीन इमारत बांधायची गरज नाही, पन्हाळ्याचा चढ आहेच.

कारखान्यांचे बॉयलर पेटले की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. त्या दिवसांत मी एकटा सातजणांच्या मागं राहू शकत नाही. यंदाच्या हंगामाआधी निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक माजी विद्यापीठ सायकलपटू, कोल्हापूर